पाषाणाखालचं वावर

वैशाख अर्धा सरला की आमच्या काळ्या वावराला भेगा पडतात, आणि दरसाल त्या भेगांत माझं काही ना काही पडतं. यंदा अडकित्ता पडला. तो काढायला मी पालथा झोपलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. माझं पोट आता असं झालं आहे की पालथं पडलं की हातपाय जमिनीला टेकत नाहीत, मी मधल्या मधे डुलत राहतो. बांधावरून जाणाऱ्या पोरींनी "काका पोहून राह्यले व!" म्हणत तोंडाला पदर लावला. अडकित्ता मिळाला नाही. पण भेगेत हात असाच ठेवून मी बराच वेळ पडून राहिलो, कारण वर अंग भाजत होतं आणि आत, हाताच्या टोकाशी, जमीन गार होती.

नीट पाहिलं तर या भेगांना एक घडण असते. जमीन सुकते, आकसते, आणि फुटताना पाच-सहा कोनांचे तुकडे करून फुटते. कोणी आखून दिल्यासारखे. हीच घडण मी दगडात पाहिली आहे, आमच्याच विहिरीत, अखंड काळ्या पाषाणात. म्हणून भेगा पडल्या की मला हटकून तो उन्हाळा आठवतो. तेव्हा मी विशीतला होतो, पोट नव्हतं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. यातलं पोट आलं, खात्री गेली.

तो कापसाचा काळ. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस यायचा थांबला होता. लढाई कोणाची, कोणाशी, हे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं. पण ती लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे मी पाहिले आहेत. अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता महिनोन्‌महिने गाड्यांनी भरलेला असे. गाड्या इतक्या शिगोशीग की दोन्हीकडच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राही, आणि भर उन्हाळ्यात बाभळी पांढऱ्या फुलल्यासारख्या दिसत. धुळीला सरकीचा वास. बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं. अकोल्याकडे कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं प्रत्येकजण सांगे. पाहिलेला कोणी नव्हता, पण सांगताना प्रत्येकाचे डोळे चांदीचे होत.

आणि मग जो तो कापूस पेरायला निघाला. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस. एकाने उकिरडा हलवून ती जागा नांगरली. आमचे शेजारी तर अंगणाकडे बघत असे काही उभे राहत की त्यांच्या बायकोने तुळशीवृंदावनाभोवती कुंपण घालून घेतलं.

आम्ही जातीचे माळी. गाव अमरावतीपासून फार दूर नाही, नांदगाव पेठेच्या अंगाला, बुटक्या सपाट माथ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. घरात माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याची बायको सरूवहिनी, आणि मी. थोडी कोरडवाहू जमीन होती, तिथे दादाचा कापूस. आणि नाल्याकाठी एक मळा होता, तो वहिनीचा. कागदावर कोणाचा ते विचारू नका. मोर्शीकडच्या माहेराहून येताना तिने मोगऱ्याचं मूळ आणि शेवंतीचे कोंब ओल्या फडक्यात बांधून आणले होते, त्यावर तो उभा राहिला होता. वांगी, मेथी, कांदे, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, कडेला झेंडू. गावात लग्न असो की मयत, फुलांसाठी माणूस आमच्याच दाराशी येई. "सरूच्या मळ्यातून आन" असंच म्हणत. दादाचं नाव कोणी घेत नसे, आणि हे दादाच्या ध्यानात होतं.

मळ्याची विहीर मात्र उथळ. त्या वर्षी तर होळीलाच तिने तळ दाखवला. दादा नुकताच अकोल्याहून कापूस घालून, नवं पागोटं बांधून आला होता. पागोट्याखाली नवा विचार होता. जेवता जेवता म्हणाला, "पानी नाई त मळा कायचा? मिरगाले तिथं सरकी टोबतो."

वहिनी भाकर थापत होती. हात थांबला नाही. "अन् नवी हीर खांदली अन् पानी लागलं त?"

"लागलं त मळा तुया. मी तोंड नाई उघडनार."

"नाई लागलं त?"

"त सरकी."

"बरं," वहिनी म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली. त्या दोघांचं सगळ्यात मोठं भांडण एवढंच. पण त्या दिवसापासून ती मोगऱ्याच्या वाफ्याशी जरा जास्त वेळ बसायची, हे मी पाहत होतो.

खणायला माणसं मिळेनात. ज्याला दोन हात होते तो कापसाच्या मागे. शेवटी यल्लप्पा मिळाला. रूळ अजून आमच्याकडे पोचले नव्हते, पण त्यांच्या पुलासाठी नाल्यावर दगड घडवायचं काम चाललं होतं, त्यावर तो आणि त्याचे दोघे भाऊ होते. वडार माणसं, घणाच्या आवाजावरून दगडाचा स्वभाव ओळखणारी. पहाटे आमच्याकडे, ऊन चढलं की पुलाकडे. बाकी दादा आणि मी. दादाची गंमत सांगतो: ज्या विहिरीला पाणी लागू नये असं त्याला वाटत होतं, तीच तो सगळ्यांत जोरात खणत होता. अंगचोरपणा त्याला जमतच नसे. तो माझा प्रांत.

काळी माती गेली, मुरूम गेला, आणि मग पाषाण लागला. काळा, घट्ट, पहार मारली तर पहारच रडेल असा. पुलावर सुरुंगाची दारू होती, पण ती पुलाची. यल्लप्पाने जुना उपाय काढला. संध्याकाळी विहिरीच्या तळाशी पऱ्हाट्या रचायच्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, आणि पेटवून द्यायच्या. सकाळी निखारे उपसायचे आणि तापलेल्या दगडावर एकदम गार पाणी ओतायचं. दगड कण्हतो, मग तडकतो. तडकतो तोही त्या पाच-सहा कोनांच्या जुन्या रेषांवरच. त्या रेषांत छिन्नी घातली की खांबासारखे तुकडे निघत.

पण ओतायला पाणी कुठलं? जुन्या विहिरीच्या तळाला रात्रभरात जेमतेम साचे तेवढं. तेवढ्यावर वहिनीचे वाफे जगत होते. पहिल्या सकाळी घागरी भरून ती उभी राहिली, एकीकडे मेथी मान टाकलेली, दुसरीकडे धुमसती विहीर. मी म्हटलं, "वयनी, मेथीले घाल. दगड कुठं पळून जाते?"

"मेथी पुन्ना येते, भाऊजी," ती म्हणाली आणि घागर विहिरीकडे नेली. मेथी गेली. मग कांदे गेले. सांबार गेला. मोगऱ्याला ती भांडी विसळलेलं पाणी घाली, आणि आमची भांडी त्या दिवसांत किती वेळा विसळली जात ते विचारू नका.

पुलावरचे ओव्हरशियर पुण्याकडचे. गाव त्यांना पूलवाले तात्या म्हणे. डोक्यावर उन्हाची टोपी, बगलेत छत्री, आणि दगड दिसला की लहान मुलासारखे वाकायचे. आमच्या विहिरीतून निघालेला ढीग पाहायला ते एकदा आले. आमच्या बोलण्याने ते दचकत आणि त्यांच्या बोलण्याने आम्हाला आपण कचेरीत उभे आहोत असं वाटे, पण माणूस गोड होता. ढिगातले दोन दगड उचलून म्हणाले, "हा दगड एके काळी वितळलेला होता, ठाऊक आहे? लालभडक. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून वर आला, आणि पाण्यासारखा चहूकडे पसरला. थरावर थर. तुमच्या टेकड्यांचे माथे सपाट का? हे थर आहेत म्हणून."

"कोनं पाह्यलं?" दादा म्हणाला.

"कोणीच नाही. माणूस जन्माला यायचा होता."

"मंग तुमाले कोनं सांगतलं?"

"या दगडानं," तात्या म्हणाले. दादाने माझ्याकडे पाहिलं. पुलाचं पुढे कसं व्हायचं, ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर साफ दिसत होती.

तात्यांनी दगड उन्हात धरले. एक भोकाभोकांचा, दुसरा भरीव. "वरच्या अंगाला वारा लागला, चटकन गार झाला. आतली हवा बाहेर पडताना बुडबुड्यांतच अडकली, ती ही भोकं. कण वाढायला सवडच नाही मिळाली. आत ऊब राहिली, तिथे सावकाश गार झाला. म्हणून इथे हे बघा, बारीक कण चमकतात. आणखी सावकाश गार झाला असता तर कण याहून मोठे झाले असते."

वहिनी ढिगाशी टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, "हे त पाकावानी झालं. चुलीवरून उतरोला अन् लगेच ताटात वतला का फेस तसाच थिजते. अन् भांड्यात झाकून, उबीत ठेवला त खडे धरते, खडीसाखरेवानी."

तात्या दगडासकट ढिगावर बसले. "अहो, अगदी तेच! तेच म्हणतोय मी!" त्या दिवशी त्यांना आमच्याकडचं पिठलं इतकं आवडलं की मिरची लागून डोळ्यांतून धारा लागल्या तरी थांबले नाहीत.

पुढे मी हे कित्येकांना दाखवलं आहे. आमच्या घरी अजूनही थंडीत काकवी आणतात, तेव्हा मुलांना भोवती बसवून मी ती आटवून एक पळी ताटलीत ओततो, उरलेली झाकून ठेवतो, आणि सांगतो की बाळांनो, हा आपला डोंगर. मुलं डोंगर लगेच चाटून टाकतात. शास्त्र एवढ्यावरच थांबतं. माझ्या मनात मात्र दुसरंच चालू असतं. माणसंही अशीच निवतात. मी चटकन निवणारा, रागात असो की उत्साहात. त्यामुळे आत भोकं फार. दादा आतून ऊब धरून वर्षानुवर्षं सावकाश निवणारा. त्याच्यात काय कण धरत होते, ते कळायला आम्हाला फार वेळ लागला.

मृग जवळ आला. दादाने सरकी शेणात घोळवून, चोळून, वाळत टाकली. पाषाण अजून संपत नव्हता. पऱ्हाट्याही संपत आल्या. उरलेल्या सगळ्या एकदाच रचून एका संध्याकाळी शेवटचा जाळ केला.

सकाळी निखारे उपसले, पाणी ओतलं, दगड तडकला. आम्ही तुकडे वर काढले आणि खाली पाहिलं तर लाल. तांबूस नव्हे, लाल. भाजून काढलेल्या विटेसारखा पक्का लाल थर, तळभर. यल्लप्पाने त्यावर पाय ठेवला आणि झटकन उचलला.

"मालक, गरम है. नीचे भट्टी है!"

तात्यांचं बोलणं आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. वितळलेला दगड, लालभडक, भेगांतून वर आलेला. आमच्या मनात एकाच वेळी एकच विचार आला: तो आला कुठून? खालून. मग खाली अजून असेल! विहिरीला एकच दोराची शिडी होती. तिच्यावर सगळ्यांत आधी कोण चढलं हे मी सांगत नाही, पण यल्लप्पाचा भाऊ माझ्या टाचांना लागून होता आणि वर आल्यावर त्याने मला बसायला जागा करून दिली.

तासाभरात गाव जमलं. म्हाताऱ्यांनी लांबून डोकावून मान हलवली. शेजारीण म्हणाली, "सरू, बुजव माय ते. इस्तव वर आला त घरं जळतीन." तात्यांना विचारावं तर ते कामासाठी अकोल्याला गेलेले. यल्लप्पाने हत्यारं गोळा केली. त्याला भित्रा म्हणू नका. सुरुंगाची वात पेटवून सावकाश चालत येणारा माणूस तो. पण वात आपली असते, भट्टी कोणाची?

दादा म्हणाला, "झालं मंग." आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

वहिनीने पदर खोचला. "इस्तव कालच्याले कोनं लावला?"

"आमी," यल्लप्पा म्हणाला.

"तवा उतरोला का लगेच हात लावता का तुमी? रातभर जाळला तुमी दगड, मंग खालची माती गरमच लागन. आज राहू द्या. खाली भट्टी असन त उद्या आजच्याहून गरम होईन. आपलाच इस्तव असन त उद्या निवन. मंग पाहू."

त्या दिवशी सगळ्यांनी वाट पाहिली. एका उन्हाळ्याच्या दिवसात जमीन थंड होण्याची वाट पाहणं ही काय गोष्ट आहे, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पारावर पैजा लागल्या. आमच्याकडे कोणी धड जेवलं नाही. दादा दोनदा उठून विहिरीपर्यंत गेला आणि परत आला, आणि विचारलं तर म्हणाला, बैलांना पाहायला गेलो होतो. बैल दुसऱ्या बाजूला होते.

दुसऱ्या दिवशी खाली उतरायला कोणी तयार होईना. मी तयार होतो असं मी पुढे अनेक वर्षं सांगत आलो, पण वहिनी अजून घरात आहे, तेव्हा इथे लिहिता येत नाही. तीच म्हणाली, "टोपलं सोडा." तोंडावर जुन्या बायका ओरडल्या, बाईने अर्ध्या विहिरीत उतरू नये. तिने ऐकलं न ऐकलं केलं. मोटेचा दोर टोपल्याला बांधला. दोर धरायला यल्लप्पा पुढे आला तर दादाने त्याला कोपराने बाजूला केलं आणि दोर आपल्या कमरेला गुंडाळला.

टोपलं गेलं. पाषाणाचे काळे खांब वरपासून खालपर्यंत उभे, आणि त्यांच्यामधून वहिनीचं हिरवं लुगडं खाली खाली जाताना मी पाहिलं. तळाशी ती उतरली. आधी एक पाय टेकवला, मग दुसरा. मग खाली बसली.

"काय झालं व?" दादा ओरडला. "पोयते का?"

आवाज विहिरीतून गोल होऊन वर आला. "गार हाये."

"काय?"

"गार हाये, म्हंते! खाली माती वली लागून राह्यली. कुदळ धाडा!"

कुदळीबरोबर दादाही गेला.

दुपारी तात्या परतले, हकिकत ऐकली, आणि धावत आले. त्यांची छत्री वाटेत कुठे पडली ते त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलं. वर आलेली लाल माती त्यांनी बोटांत चुरली. "भट्टी नव्हे हो. ही माती आहे, जुनी माती! खालचा थर गार झाला, ऊनपावसात झिजला, त्याची माती झाली. मग केव्हातरी पुढचा रस तिच्यावरून वाहून गेला आणि ती भाजली गेली. म्हणून लाल."

"थरामधे माती? म्हंजे मधे लय काळ गेला असन," मी म्हणालो.

"अतोनात."

वहिनी टोपल्यातून वर आली होती, गुडघ्यापर्यंत लाल. मुठीतल्या मातीकडे पाहत म्हणाली, "म्हंजे हे वावर होतं?"

"वावर कसलं, माणूसच नव्हता ना!"

"गवत त असन. पाऊस त येत असन."

"असेल," तात्या हळूच म्हणाले. "गवत किंवा दुसरं काहीतरी उगवत असेल खरं."

वहिनीने ती मूठ टाकली नाही, ओच्यात बांधली. मी पुढे या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे, बहुतेक वेळा झोप येत नाही तेव्हा. एवढा विस्तव वाहिला, निवला, त्याची माती झाली. तिच्यावर पुन्हा विस्तव आला. तोही निवला, त्याचीही माती झाली. तीच ही काळी, जिच्यावर आमचा कापूस आणि मेथी. कापसाचा भाव पुढे लढाई मिटल्यावर थिजलाच. अंगणात पेरणाऱ्यांनी पुन्हा अंगणं सारवली, आणि त्या दिवसांत मी कोणाला बुडालेला पाहिला की मला ती लाल मूठ आठवे. जळून गेलं म्हणजे संपलं, असं आमची जमीन तरी मानत नाही.

"पानी लागन का?" मी तात्यांना विचारलं. "ते नाही बुवा मला सांगता येणार," ते म्हणाले, आणि आमच्याबरोबर काठावर बसून राहिले.

लाल थर फार जाड नव्हता. त्याच्या खाली पुन्हा दगड लागला, पण वेगळा. चाळणीसारखा भोकाभोकांचा, भोकांच्या आत पांढरे चमचमते खडे. म्हणजे हा खालच्या थराचा माथा, फेस तसाच थिजलेला. दादाने कुदळ मारली. ती आत शिरली. पुन्हा मारली. आणि खालून त्याचा आवाज आला नाही. कुदळीचाही आला नाही. मग एक बारीक आवाज आला, कोणी कानाशी कुजबुजावं तसा. ज्या भोकांत कधीकाळी विस्तवाचा श्वास अडकला होता, त्यांतून पाणी येत होतं. आधी एका भोकातून, मग शेजारच्या, मग दादाच्या घोट्यांपर्यंत.

वर जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. यल्लप्पा भावाला उचलून नाचला, तात्यांनी टोपी उडवली आणि ती विहिरीत गेली. फक्त वहिनी काठाशी गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीवर ठेवून खाली पाहत होती.

दादा तळाशी उभा होता. ज्या पाण्याने त्याची सरकी हरली, त्यात उभा. त्याने ओंजळ भरली, गाळ खाली बसू दिला आणि प्यायला. दुसरी ओंजळ भरली आणि प्यायला. मग वर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण वहिनीच्या हातचं काही चांगलं झालं आहे असं त्याने तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. जेवण आवडलं तर जास्त जेवायचा, एवढंच.

"गोड हाय," दादा म्हणाला.

"काय म्हनता?" वहिनीने वरून विचारलं.

"गोड हाय, म्हनलं."

"आयकू नाई आलं वो."

दादाने घसा साफ केला. सगळं गाव काठावर उभं होतं. "तुयं पानी गोड हाय!" तो विहिरीतून ओरडला, आणि ते काळ्या खांबांवर आपटत, मोठं होत होत वर आलं.

वहिनीने कानामागे हात धरला आणि आणखी पुढे वाकली. त्या वयात तिचे कान इतके तिखट होते की दोन घरं पलीकडे मांजराने दुधाला तोंड लावलं तरी तिला कळायचं.